शनिवारचा चित्रांचा तास: पोरगा फक्त काळाच खडू घेतो, आणि वरून प्रदर्शन मागतायत

शनिवारची_ताई

नमस्कार. मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्य शिकलेली, कोल्हापूरजवळच्या एका बालगृहात तीन वर्षं काम करतेय. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिचं फार कौतुक नाही.

माझं रोजचं काम म्हणजे कागद. गृहभेटी, सामाजिक तपासणी अहवाल, मुलांना बालकल्याण समितीपुढे नेणं, आधारवरची जन्मतारीख आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख यांचं भांडण मिटवणं. चित्रं त्यात कुठंच बसत नव्हती. मे महिन्यात एका मुलीला तिच्या घरच्यांबद्दल विचारत बसले होते. अर्धा तास "माहीत नाही" सोडून उत्तर नाही. पण तेवढ्या वेळात ती माझ्या फाइलच्या पुठ्ठ्यावर पेनानं चूल काढत होती. शेजारी दोन भांडी, त्यातलं एक पालथं. मी सहज विचारलं, हे पालथं का गं? तर म्हणाली, "मांजर तोंड घालतंय न्हवं." मग मांजर कुणाचं, ते शेजारणीचं, मग शेजारीण कुठल्या बाजाराला जायची, असं करत करत आम्ही तिच्या आजीच्या गावापर्यंत पोचलो. आजी होती. तो पुठ्ठा अजून फाइलला आहे, फक्त अहवालात "समुपदेशनातून माहिती मिळाली" असं लिहिलंय.

तेव्हापासून शनिवारी दुपारी दोन ते साडेतीन चित्रांचा तास घेते. 8 ते 13 वयाची 14 मुलं, जेवणाच्या हॉलमध्ये सतरंजीवर. महिन्याला 1,500 रुपये मिळतात, तेही पावत्या चिकटवून. मला स्वतःला आंबासुद्धा नीट काढता येत नाही, मुलांना ते माहीत आहे आणि त्याचा त्यांना फार आनंद होतो.

आता अडचण. एक मुलगा आहे (वय, गाव सांगत नाही). तो डबीतला काळा तैलखडू घेतो आणि डाव्या कोपऱ्यापासून कागद घासायला लागतो. आधी उभा, मग आडवा. कुठं पांढरा ठिपका राहिला असेल तर परत जाऊन तो भरतो. तासाभरात कागद बुटाला पॉलिश केल्यासारखा चकाकतो आणि बहुतेक वेळा मधोमध फाटतो. मग तो त्याची चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवतो. खिसा काळा होतो, धुणाऱ्या मावशी मला बोलतात. अधीक्षक म्हणतात कागद वाया जातोय. भेटीला आलेल्या एका बाईंनी बघितलं आणि लगेच, त्याच्या समोरच, "डिप्रेशन दिसतंय" म्हणाल्या. त्यानंतर दोन शनिवार तो आला नाही.

दुसरी गोष्ट. विश्वस्तांना चित्रं आवडली. जानेवारीत शाहू स्मारकला प्रदर्शन घ्यायचं म्हणतात. प्रत्येक चित्राखाली मुलाचा फोटो आणि दोन ओळी "कहाणी". निवडक, म्हणजे त्यांना सुंदर वाटणारी. तयारी म्हणून एक जण माझ्या तासाला येऊन "माझ्या स्वप्नातलं घर" असा विषय फळ्यावर लिहून गेले. बालगृहातल्या मुलांना. दोन मुली उठून बाहेर गेल्या.

काळ्याचं काय करू? प्रदर्शनाला नाही म्हणायचं तर कशाच्या जोरावर? आणि 1,500 मध्ये खडू-कागदाशिवाय काय आणता येईल?

मन_वाचक

काळा रंग सतत वापरणं हे नैराश्याचं लक्षण असतं. घराला दार नसेल तर असुरक्षितता, हात नसलेला माणूस म्हणजे असहायता. मी यावर एक दिवसाची कार्यशाळा केली आहे. पीडीएफ हवी असल्यास सांगा.

खडूमास्तर

पीडीएफवाल्या साहेब, मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. अजून मला चित्रावरून पोरगं सकाळी जेवून आलंय का नाही एवढंसुद्धा सांगता येत नाही. तुमचं एका दिवसात जमलं, नाद खुळा.

ताई, काळ्याची माझी एक गोष्ट ऐका. पन्हाळ्याच्या अंगाला एका शाळेत होतो तेव्हा एका वर्गातली अर्धी पोरं काळी झाडं, काळे डोंगर, काळी गाय काढायची. मी पण गंभीर झालो होतो. मग कळलं, वर्गाला चार डब्या, आणि मधल्या बाकापर्यंत येईस्तोवर डबीत काळा आणि पांढरा एवढेच शिल्लक राहायचे. पांढऱ्या कागदावर पांढरा काय कामाचा? तुमच्याकडं तसं नसेलही. पण आधी डबी बघा, मग मन.

आणि तैलखडू घासायची एक मजा असते, ती हाताला कळते. थर चढला की खडू लोण्यावानी सरकतो, उष्णतेनं मऊ पडतो, वास येतो. पोरगं चकाकी आणत असेल तर त्याला ती आणता येते, एवढंच आज आपल्याला ठाऊक. कागद फाटतोय तो कागदाचा दोष. तुमचा झेरॉक्सचा कागद असणार. त्याला कार्डशीटचा तुकडा द्या, नाहीतर खोक्याचा पुठ्ठा, किराणा दुकानात फुकट मिळतो. पाहिजे तर खाली पिवळा-तांबडा भरून त्यावर काळा घासायला सांगा आणि संपलेल्या रिफिलनं खरवडून रेघा काढायला शिकवा. आतनं रंग निघतात. पोरं येडी होतात.

साहित्याचं म्हणाल तर शाडू. बापट कॅम्पला कुंभारांकडं जा, गणपती होऊन गेल्यावर जा, सवडीनं बोलतात. भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचा. वाळलेली, मोडलेली चित्रं... चित्रं नव्हे, खेळणी, परत पाण्यात टाकायची. एक पोतं वर्ष काढतं. आणि शाडूचा सगळ्यात मोठा गुण असा की विश्वस्तांच्या हाताला काही लागत नाही, शनिवारी संध्याकाळी सगळं बादलीत.

एक कबुली देतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवायची म्हणून मी स्मरणचित्राला गुण द्यायचो. "पंचगंगेचा घाट" विषय, आणि प्रत्येकाच्या घाटावर तीच दीपमाळ, तीच घागरवाली बाई, कारण मीच ती फळ्यावर काढून दिलेली. एका पोरानं घाटावर नुसती चप्पल काढली होती, दोन जोड, माणूस नाही. मी त्याला "अपूर्ण" लिहिलं. कोल्हापूर हे बाबूराव पेंटर, आबालाल रहिमान अशा चित्रकारांचं गाव, म्हणून आम्हाला वाटतं चित्र म्हणजे भिंतीवर लावायची वस्तू. त्या चपला कुणाच्या होत्या हे मी विचारलं नाही.

नदीकाठची

बोलून टाईप करतेय, चुका पोटात घाला. मी शिरोळ तालुक्यातली, बचत गट बघते.

तुमी बालगृहाचं लिवलंय, माझं जरा येगळं हाय, पण चित्राचंच हाय. 2019 ला पानी आलं तवा आमच्या गावात पंचनाम्याची यादी झाली आनि त्यात लई घरं सुटली. साहेबाम्होरं बाया बोलत न्हाईत. पुरुष बोलत्यात, आनि तेबी आपापल्या गल्लीचंच. तवा एक पोरगी आलेली, तुमच्यावानीच शिकलेली. ती म्हनली, कागद नको, देवळाम्होरं सारवा आनि रांगोळीनं गाव काढा. आमी हसलो. पन रांगोळी म्हनल्यावर कोन न्हाई म्हनतंय? पन्नास बाया बसल्या. नदी निळीनं, रस्ता पांढरा, जिथवर पानी आलं तिथवर हळदीची रेघ. घराला एक ज्वारीचा दाना, जनावराला चिचोका.

रेघ वडताना भांडन लागलं बघा. एक म्हनती पानी वडापातूर आलं, दुसरी म्हनती वडाच्या म्हागं माझा गोठा, चार दिस म्हैस स्लॅबवर बांधली व्हती, इचारा हिला. म्हसरं वर चढवायला जिना कसा केला तेबी निघालं. आनि वड्याच्या पल्याड एका म्हातारीनं आपला आपुन एक दाना ठेवला. आमाला ठावं, ती तिथं ऱ्हाती, पन तिचं घर कुनाच्याच गल्लीत येत न्हाई, म्हनून कुनाच्याच तोंडात न्हाई. यादीत तर न्हाईच. रांगोळीत आली.

फोटू काढून तलाठ्याला दावला. लगीच काय झालं न्हाई, दोन खेपा घालाव्या लागल्या. पन म्हातारीचं नाव चढलं.

रातीला पाऊस आला आनि समदं वाहून गेलं. कुनाला वाईट वाटलं न्हाई. रांगोळीच ती.

समुपदेशन_कट्टा

नदीकाठच्या ताई, तुम्ही जे केलंत त्याला आमच्या अभ्यासात सहभागी नकाशा म्हणतात. जमिनीवर रांगोळी, बिया, खडे वापरून गावाचा नकाशा लोकांकडूनच काढून घ्यायचा. गावकऱ्यांच्या हातात कॅमेरा देण्याचीही पद्धत आहे, 1990च्या दशकात चीनच्या युनान प्रांतातल्या खेड्यांमध्ये बायकांनी स्वतःच्या रोजच्या आयुष्याचे फोटो काढले आणि ते अधिकाऱ्यांपुढे ठेवले, तिथून ती जगभर गेली. पण म्हातारीचा दाणा मी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता.

आता शनिवारच्या ताईंसाठी. मी समुपदेशक आहे, त्यामुळे थोडं कायद्याचं बोलते, कारण तुम्हाला "जोर" हवाय.

प्रदर्शनाला नाही म्हणण्याचा जोर बाल न्याय कायद्यात आहे, 2015च्या. त्याचं कलम 74 वाचा आणि प्रिंट काढून विश्वस्तांच्या टेबलावर ठेवा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ज्यावरून त्याची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फोटो आणि "कहाणी" तिथेच संपतात. "पण आम्ही चांगल्या हेतूनं", असं म्हणतील. म्हणू द्या.

दुसरं, तासाला बसण्याआधी स्वतःशी ठरवून ठेवा: एखाद्या चित्रातून किंवा चित्र काढताना मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर 2012च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. म्हणून मुलाला "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. "तुला मदत होईल अशाच माणसांना सांगेन" एवढंच म्हणा. मात्र सांगितलं तर, किंवा तसं घडेल अशी खरी भीती असेल तर. चित्रात दिसलं असं आपल्याला वाटलं तर नव्हे. चित्र हा पुरावा नाही, एक्स-रेही नाही. दार नसलेलं घर काढणाऱ्या निम्म्या मुलांना दार काढायचा कंटाळा आलेला असतो.

विचारायचं कसं? "हे काय आहे?" नको, त्यात परीक्षा येते. "याबद्दल काही सांगायचंय का?" आणि "नाही" म्हटलं तर ठीक. पालथ्या भांड्याबद्दल तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं. भांड्याबद्दलच विचारलंत, आईबद्दल नाही.

मास्तरांशी मात्र एका बाबतीत माझं जमत नाही. खाली पिवळा-तांबडा भरून खरवडायचं ते इतर मुलांना जरूर शिकवा. या मुलाला नको. तो पांढरा ठिपका शोधून भरतोय, आणि आपण त्यालाच सांगायचं की आत रंग आहे, उघड? त्याला उघडायचं आहे का, ते माहीत नाही. पुठ्ठा द्या, ते उत्तम. घासू द्या.

एक नाव सांगते, वेळ मिळाला तर शोधा: फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. व्हिएन्नाची चित्रकार, ज्यू. 1942 मध्ये नाझींनी तिला प्रागजवळच्या तेरेझिनच्या छावणीत पाठवलं, तेव्हा बरोबर नेता येणाऱ्या मोजक्या सामानात तिनं रंग-कागद भरले. तिथं मुलांचे चित्रांचे वर्ग घेतले. कागद मिळेल तो, जुने फॉर्मसुद्धा. चित्रावर स्वतःचं नाव घालायला ती मुलांना सांगायची. 1944च्या शरदात तिला आउशवित्झला नेऊन मारलं. त्याआधी साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली गेली होती, ती आज प्रागच्या संग्रहालयात आहेत. बहुतेक मुलं वाचली नाहीत. तिचीच आधीची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर 1938 मध्येच न्यूयॉर्कला गेली होती, ती पुढे मुलांबरोबरच्या कला-उपचाराच्या क्षेत्रात मोठी झाली.

मी बरेच दिवस या कोड्यात होते, की फ्रीडल नाव घालायला सांगते आणि आपला कायदा नाव झाकायला सांगतो. आता माझ्या तासाला मुलं नाव मागच्या बाजूला घालतात, हवं तेवढं मोठं. पुढची बाजू कुणाला दाखवायची ते मूल ठरवतं. मागची कुणालाच नाही.

मन_वाचक

मी फक्त मदत करत होतो.

हिशेब_बघणारा

एका छोट्या संस्थेचा खजिनदार आहे, त्यामुळे शिव्या खाण्याची सवय आहे. विश्वस्तांची बाजू कुणीच घेत नाही म्हणून घेतो. देणगीदाराला काहीतरी दाखवावं लागतं हो. त्याला अहवालातला "14 लाभार्थी" हा आकडा दिसत नाही, त्याला फुलपाखरू दिसतं.

आमच्याकडे हाच घोळ झाला होता. मुलांची चित्रं कॅलेंडरवर छापली, एका मुलाच्या मामानं ती बाजारात बघितली. पुढचं सांगत नाही.

त्यानंतर आम्ही उलटं केलं. वार्षिक भेटीला आलेल्या देणगीदारांना वेगळ्या खोलीत बसवलं, मुलं नाहीत, आणि प्रत्येकापुढे शाडूचा गोळा. म्हटलं, बेंदराला लहानपणी बैल करायचात तसा करा. आधी सगळे हसले, फोनकडे बघितलं. मग एक बांधकाम व्यावसायिक अर्धा तास बैलाच्या शिंगांवर अडकला. लावली की पडायची. शेवटी त्यानं काडेपेटीची काडी मोडून आत घातली. जाताना तो बैल रुमालात गुंडाळून घेऊन गेला, आणि वर्षाचं साहित्य त्याच्याकडून येतं. फोटो छापायचे तर त्या बैलांचे छापा. कलम 74 त्यांना लागू नाही.

शनिवारची_ताई

चार आठवड्यांनी लिहितेय, तपासणी होती.

कलम 74ची प्रत ठेवली. मीटिंगमध्ये एकानं विचारलं, "मग डोळ्यांवर काळी पट्टी लावली तर?" मी गप्प बसले, वकील असलेल्या विश्वस्तांनीच त्यांना गप्प केलं. प्रदर्शन रद्द झालं असं नाही म्हणता येणार, "पुढे ढकललं" असं इतिवृत्तात आलंय. बैलांची कल्पना सांगितली, त्यावर बरीच चर्चा चहाच्या बजेटची झाली. होईल बहुतेक. स्वप्नातल्या घराचा विषय फळ्यावरून मीच पुसला. त्या दोघींपैकी एक परत यायला लागलीय, दुसरी दारात उभी राहून बघते. दारात बसता यावं म्हणून तिथं एक गोणपाट टाकून ठेवलंय.

शाडू आणला. पोतं रिक्षात चढवताना कुंभारमामांनी विचारलं, एवढ्याचं काय करणार, गणपती तर होऊन गेले. म्हटलं मुलं खेळणार. त्यांनी मूठभर कापूस दिला, शाडूत मळा म्हणाले, तडा जात नाही. पैसे घेतले नाहीत कापसाचे.

काळ्यावाल्या मुलाला पुठ्ठा दिला, बिस्किटांच्या खोक्याचा. मास्तर, डबी बघितली: त्याला पूर्ण बाराची डबी मिळत होती, सगळे रंग होते, तरी काळाच. त्यामुळे ते कारण नाही. समुपदेशक ताई, काहीही विचारलं नाही. पुठ्ठा फाटत नाही, त्यामुळे एक पुठ्ठा आता तीन शनिवार चाललाय. चार घड्या घालता येत नाहीत म्हणून खिशात जात नाही. पहिल्या दिवशी तो हातात घेऊन नुसता उभा राहिला, ठेवायचा कुठं हे कळेना. मी माझ्या कपाटाचा खालचा खण रिकामा करून दाखवला. त्यानं पुठ्ठा आत ठेवला, मग काढला, मागे नाव घातलं, मग परत ठेवला, तोंड भिंतीकडे करून. किल्ली माझ्याकडे असते. दर शनिवारी दोनला पाच कमी असताना तो कपाटापाशी येऊन उभा असतो.

मावशी खूश आहेत, खिसे स्वच्छ.

आता नवीनच प्रश्न. बाराच्या डबीत काळा एकच असतो आणि त्याला एक खडू दीड शनिवार पुरतो. बाकीच्यांच्या डबीतले काळे त्यानं मागून घेतले, बदल्यात आपले अकरा वाटून टाकले. तेही संपत आलेत. कोल्हापुरात सुटे काळे तैलखडू कुठं मिळतील का? पावती देणारं दुकान हवं.

खडूमास्तर

सुटे मिळतात, रंगांच्या मोठ्या दुकानात विचारा, जाड घ्या, बारीक मोडतात. पावती देतात. पन्नास घेतले तर भाव करा.

माझ्या घरी 31 वर्षांत वर्गात उरलेल्या पांढऱ्या खडूंचा मोठा डबा भरलाय. काळा एकसुद्धा नाही, आत्ताच पालथा घालून बघितला. पांढरे पाहिजेत का बाकीच्यांना? काळं कार्डशीट आणा, त्यावर चालतात. शनिवारी दीडला घेऊन येतो, आत बोलावणार असला तर, नाहीतर गेटवर देऊन जातो.